मागच्या वाटेवरचं अस्वल

आमच्या महाविद्यालयात कुणाला सावध करायचं असलं तर पूर्वी शिपाई नोटीस फिरवायचा. वर्गाच्या दारात उभा राहून खोकायचा, आम्ही शिकवणं थांबवून ती वाचायचो आणि 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' इथपर्यंत येईस्तोवर मागचे बाक डुलक्या काढायला लागलेले असायचे. पुढे मोबाईल आले आणि सूचना थेट खिशात वाजू लागल्या. मी वनस्पतीशास्त्र शिकवते. मोबाईलशी माझं बेताचंच पटतं, आणि भल्या पहाटे गुलाबाचं फूल पाठवणाऱ्या सहकाऱ्यांशी तर मुळीच नाही. पण बातमी झटपट पोचते एवढं मलाही कबूल करावं लागलं.

फक्त ती पोचायची भलत्याच ठिकाणी. मुलांचे नंबर कॉलेजच्या ग्रुपात होते, मुलींचे नव्हते. पोरीचा नंबर पोरांच्या ग्रुपात नको, असं प्रवेशाच्या वेळीच पालक बजावून जात. त्यामुळे मुलीच्या नावापुढे वडिलांचा नंबर, वडील नसतील तर भावाचा. कॉलेज बुलढाण्यात, मुलगी बुलढाण्यात, आणि तिच्यासाठीची सूचना वाजायची मोताळ्याकडे कुठल्यातरी वावरात. मग वडील रेक्टरबाईंच्या फोनवर फोन करून मुलीला बोलावून घेत आणि तिच्याच आवारात काय चाललंय ते तिला सांगत. यात आम्हा कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट माहितीपत्रकात 'पालकांशी थेट संपर्क' असं आम्ही ठळक अक्षरांत छापलं होतं.

कॉलेज गावाच्या टोकाला आहे. मागे टेकडी, आणि टेकडीमागून जंगल सुरू होतं. मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या फाटकातून एक कच्ची वाट निघते आणि बोरी, घाणेरीच्या झुडपांतून घाटरस्त्यावरच्या फाट्याला मिळते. घाटाखालून येणारी एसटी त्या फाट्यावर थांबते. बसस्टँडपर्यंत गेलं तर रिक्षा करून उलटं यावं लागतं, म्हणून त्या बाजूच्या मुली फाट्यावरच उतरून चालत येत. एका हिवाळ्यात बोरं पिकली तेव्हा त्या वाटेवर खरंच अस्वल आलं होतं. लगेच मेसेज गेला, वडिलांचे फोन आले, वनखात्याची माणसं काठ्या घेऊन फिरली. मुली ताटं वाजवत जायच्या आणि त्यातही त्यांची मजाच चालायची. अस्वल आलं तसं गेलं. एकाही बापाने मुलीला घरी नेलं नाही. अस्वलाने कुणाची बदनामी होत नाही ना.

मी सांगते आहे ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यातलं.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी, मेहकरकडची, प्रॅक्टिकल संपून सगळ्या गेल्या तरी प्रयोगशाळेत रेंगाळली होती. एरवी तोंडाने फटाकडी. त्या दिवशी मात्र धुतलेल्याच काचपट्ट्या पुन्हा धूत बसली होती. मी जवळ गेले तर मनगटावर निळे वळ दिसले. काय झालं विचारल्यावर आधी ती रागावली, आणि मग सांगितलं. आदल्या दिवशी दिवेलागणीला ती फाट्यावरून येत होती. मागून मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधलेला. हॉस्टेल कुठं आहे म्हणून विचारलं आणि ती हात वर करून दाखवते तोच मनगट धरून तिला ओढलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि पळत सुटली. मागून त्याचं हसणं ऐकू येत होतं म्हणाली.

"मॅडम, पोरींना सांगा," ती म्हणाली. "पण माझ्या घरी कळू देऊ नका. बाबाले कळलं तं उद्याच गाडी येते मले न्यायले. हे शेवटलं वर्ष हाय माझं."

स्वतःपेक्षा तिला जास्त काळजी होती खोलीतल्या जोडीदारणीची. ती पहिल्या वर्षाची, घाटाखालच्या एका लहानशा गावातली. घरातलीच काय, त्या गावातली कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. माझ्या तासाला पुढच्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारताना उभी राहायची, बसून विचार म्हटलं तरी. तूर सोंगायला आली म्हणून ती घरी गेली होती. तिच्याकडे फोन नव्हता. घरात एकच, तो वडिलांकडे. आठ-दहा दिवसांत ती परत येणार, फाट्यावर उतरणार आणि त्याच वाटेने एकटी चालत येणार. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी मेहकरच्या मुलीला घेऊन प्राचार्यांकडे गेले. आमचे प्राचार्य पुण्याकडचे. सदऱ्याची इस्त्री मोडू न देणारे, माझ्या बोलण्याला अधूनमधून हसणारे, पण माणूस वाईट नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तिला पाणी दिलं. मागच्या फाटकावर पहारेकरी बसवायला लगेच सांगितलं. पोलिसांत जाऊ म्हटल्यावर मात्र मुलीने हात जोडले. पोलीस घरी येतील, मग संपलंच.

"निदान सगळ्यांना सावध तर करू," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता मेसेज टाका."

"मेसेज जाणार कुणाला, मॅडम?" प्राचार्यांनी विचारलं.

मेसेज जाणार होता वडिलांना. कॉलेजच्या मागे मुलींना धरणारा माणूस फिरतोय असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या दारात मोटारसायकलींची रांग लागली असती, आणि प्रत्येक मोटारसायकलीमागे वळकटी बांधायला दोरी. हे मला प्राचार्यांनी सांगायची गरज नव्हती. माझा बाप हयात असता आणि मी त्या वसतिगृहात असते तर सगळ्यांच्या आधी तोच येऊन उभा राहिला असता. अशा वेळी नेलेल्या मुली परत येत नाहीत. घरी बसतात, आणि वैशाखात त्यांच्या पत्रिका येतात.

प्राचार्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अस्वल आहे असं लिहू."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते गंभीर होते. मागच्या वर्षीचा मेसेज तयारच आहे, तोच टाकू. मुली त्या वाटेने जाणार नाहीत, आपलं काम झालं. नाव कुणाचं येत नाही, घरचे घाबरत नाहीत.

मला राग आला की माझी प्रमाण मराठी सुटते. "सर, अस्वल काय मोटारसायकल चालवून राह्यलं का?" मी म्हणाले. "पोरींना खरं काय ते कळाले नको का? अस्वलापासून वाचाची रीत निराळी असते अन् माणसापासून निराळी!"

"हेतू एकच आहे, मॅडम."

आणि मग शेजारी बसलेली ती मुलगीच म्हणाली, "मॅडम, सर म्हणतात ते चालेल. अस्वलच सांगा ना." डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव. जिच्या हातावर वळ होते तीच असं म्हणत होती.

मेसेज माझ्यासमोर लिहिला गेला. मागील रस्त्यावर अस्वलाचा वावर आढळून आला आहे, विद्यार्थिनींनी त्या रस्त्याने एकट्याने जाऊ नये, जाणे आवश्यक असल्यास सोबत घ्यावी. मी 'सोबत' या शब्दावर अडले. जाऊच नये, कुणाच्याही सोबत जाऊ नये असं लिहा, म्हणून हट्ट धरला. प्राचार्य म्हणाले, "अस्वलासाठी असं कोण लिहितं? लोकांना संशय येईल." त्यावर बराच वाद झाला. शेवटी खुर्ची त्यांची होती आणि मेसेज तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळा पुसला, मुलांना बाहेर पाठवलं आणि मुलींना सरळ सांगून टाकलं. कुणाचं नाव घेतलं नाही. वाटेवर अस्वल नाही, माणूस आहे, मोटारसायकलवर येतो, गोड बोलतो. मोठ्या रस्त्याने या, घोळक्याने या, आणि कुणी सोडतो म्हणालं तर दगड उचला. मुलींना धक्का बसला नाही. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना आधीच कुणकुण होती. संध्याकाळपर्यंत वसतिगृहातल्या सगळ्यांना खरं कळलं आणि दोन दिवसांत मला 'संस्थेच्या सूचनेच्या विपरीत माहिती दिल्याबद्दल' खुलासा मागणारं पत्र मिळालं. ते मी कपाटात टाकलं आणि उत्तर दिलं नाही.

राहिली होती फक्त ती एक, घाटाखाली तूर सोंगत असलेली.

कार्यालयातून तिच्या वडिलांचा नंबर घेऊन मी फोन केला. मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"हाव मॅडम, बोला," ते म्हणाले. "अस्वलाचं ना? आला मेसेज. शेजाऱ्याकडून वाचून घेतला."

मी म्हटलं, तिला दिवसाउजेडीच पाठवा. आणि फाट्यावर उतरू नको म्हणावं, थेट बसस्टँडवर उतर. तिच्याशी बोलता येईल का?

"ते तिकडं दूर हाय, वावराच्या धुऱ्यापाशी. म्या सांगतो न तिले सारं. तुमी काऊन चिंता करता?" मग हसून म्हणाले, "अस्वल काय आमाले नवं हाय का, मॅडम?"

नवं नव्हतंच. मोहफुलं वेचताना अस्वलाने त्यांच्या सख्ख्या भावाच्या अर्ध्या चेहऱ्याची चाळण केली होती. त्या घरातली पोरं तो चेहरा बघत वाढलेली. मुलगी वसतिगृहातही खिडकी लावून झोपायची, हे मला मेहकरच्या मुलीने सांगितलं होतं.

'माणूस' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. मला आजही विचारणारे विचारतात, तेव्हाच का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती परत आलीच नसती, म्हणून नाही सांगितलं. मग बरंच झालं असतं की, असं ते म्हणतात. म्हणू देत. गावातली पहिली मुलगी कॉलेजात आणायला काय काय करावं लागतं हे त्यांना ठाऊक नाही. तिच्या वडिलांना तयार करायला मी स्वतः त्यांच्या अंगणात बसून दोनदा चहा प्यायले होते, आणि तुमच्या लेकीची जबाबदारी माझी असं म्हणाले होते.

ती निघाली ती दुपारच्या बसने. वडिलांनी स्वतः बसमध्ये बसवून दिलं. बस वेळेवर पोचली असती तर ती उन्हातच बसस्टँडवर उतरली असती. पण घाट चढताना गाडी गरम झाली, थांबत थांबत कशीबशी वर आली आणि नेमकी त्या फाट्यावर येऊन बंद पडली. मागून दुसरी गाडी येईल म्हणून कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. दुसरी गाडी काही आली नाही. कुणी ओळखीच्या टेम्पोत चढलं, कुणाला घ्यायला घरचे आले. अंधार पडायला लागला तेव्हा ती पिशवी पायांशी घेऊन एकटीच उभी होती.

ती वाटेला लागली नाही. एकट्याने जाऊ नये असं सांगितलं होतं, म्हणून सोबतीची वाट बघत फाट्यावरच थांबली. मोटारसायकल आली ती तिच्यापाशीच थांबली. हॉस्टेलले जायचं का ताई, तो म्हणाला, एकटी नको जाऊ, तिकडं अस्वल हाय. आमचा मेसेज एव्हाना गावभर फिरला होता. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, सगळीकडे अस्वलाच्याच गप्पा. त्यालाही तो कुणीतरी दाखवला असणार.

ती बसली. फाटक दिसायच्या आधीच त्याने गाडी गिट्टीखदानीच्या बाजूला वळवली. तिने थांबा म्हटलं, मग ओरडली, मग चालत्या गाडीवरून उडी मारली. खदानीवरच्या मजुरांना ओरडणं ऐकू आलं आणि ते कंदील घेऊन धावले, म्हणून ती मिळाली. तो पळाला. तो कोण होता हे आजतागायत कळलेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. मांडीचं हाड मोडलेलं, एका बाजूचा गाल खरचटून सोललेला, त्यावर पिवळं मलम. तिकडे येतानाच वाटेत कॉलेजचा मेसेज आला होता. एका विद्यार्थिनीचा दुचाकीवरून पडून अपघात झाला असून सर्वांनी वाहने सावकाश चालवावीत व हेल्मेटचा वापर करावा. मी फोन रिक्षाच्या दांड्यावर आपटला. त्याची काच तेव्हा तडकली ती मी अजून बदललेली नाही.

वडील खाटेपाशी बसले होते. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर घडी करून ठेवलेला. मला पाहून उठून उभे राहिले, तिच्यासारखेच. औषधाची चिठ्ठी घेऊन ते खाली गेले तेव्हा ती माझ्याशी बोलली. सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, छताकडे बघत. आणि म्हणाली, "बाबाले अपघातच सांगतला म्या. गाडी घसरली म्हनलं. तुमी बी तसंच सांगा, मॅडम. पाय बरा झाला का मी येतो परत. वरचा बाक दुसऱ्या कोनाले नका देऊ." तिला पुढचा बाक म्हणायचं होतं. मी हो म्हणाले.

ती आली नाही, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी खरंच ठरवलं होतं की गप्प बसायचं.

वडील वर आले. औषधं उशाशी ठेवली. जरा वेळाने घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, तुमाले एक इनंती हाय. त्या गाडीवाल्या पोरावर केस नका होऊ देजा. गाडी घसरली त्याले तो तरी काय करंन? भेवून पळाला असंन बिचारा. उलटं, पत्ता लागला तं म्या भेटाले जानार हाय त्याले. अस्वलाच्या भेवानं कोनी थांबत नाई तठी, अन् त्यानं माह्या पोरीले सोबत देली."

मुलीने डोळे मिटून घेतले.

मला ते ऐकवेना. मुलीला दिलेला शब्द होता, कॉलेजचा मेसेज होता, प्राचार्यांचं पत्र होतं. सगळं असू दे. हा भला माणूस त्याचे आभार मानायला गावभर शोध घेत फिरेल, हे मला बघवलं नसतं.

"भाऊ," मी म्हणाले, "वाटेवर अस्वल नव्हतं. यंदा नव्हतंच. तोच होता."

त्यांना उलगडायला वेळ लागला. माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, तिच्या गालाकडे बघितलं. मांडीवरची रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"मंग मेसेज काऊन अस्वलाचा टाकला?"

"खरं लिहिलं असतं तर तुम्ही लोक मुलींना घरी नेलं असतं. म्हणून."

"नेलंच असतं," ते म्हणाले. रागाने नव्हे, सरळ उत्तर दिलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून डब्यातून भाकरी काढत होती, ती आमच्याकडे बघून थांबली.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "बसमधे बसवतानी म्या तिले सांगतलं होतं. रात झालीच तं भेऊ नको म्हनलं. लाजू बी नको. कोनी गाडीवाला भेटला तं त्याच्या मांगं बसजो म्हनलं. मीच म्हनलं." आणि ते रुमाल तोंडाला लावून रडायला लागले, मोठ्याने, सगळ्या वॉर्डासमोर.

मुलीने डोळे उघडले. पाय खिळलेला, त्यामुळे तिला वळता येईना. हात लांब करून तिने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"बाबा, तुमी नका रडू," ती म्हणाली. "मले बी तो चांगलाच वाटला. बसतानी म्या त्याले दादा म्हनलं."